दोन गाठींचा खांब

पाहुण्यांनो, डोकं सांभाळून आत या. तांबखडीच्या खाणीतला हा मधला खांब बघा. दोन माणसांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा, आणि अंगभर तांब्याच्या हिरव्या रेषा. एवढा कसदार दगड सगळ्या खाणीत दुसरा नाही. भोवती नुसती वाळू, गावाने उपास काढले, पण याला कोणी छिन्नी लावली नाही. इथे लुगड्याची झोळी का बांधतात, ते ऐका.

दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले काही पाथरवट या वाळवंटात मागे राहिले आणि त्यांनी ही खाण पाडली, असे सांगतात. हैबती त्यांचा मुकादम. कष्टाळू, पण हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. तांब्याचा दगड द्यायचा आणि उंटांवरून आलेलं पाणी घ्यायचं, असा गावाचा संसार. एका साली टाकं आटलं, नवा दगडही सापडेना. पोरांच्या जिभा कोरड्या पडल्या. तेव्हा छत तोलायला राखलेले खांबच हैबतीने फोडायला घेतले. आतल्या दालनातला एक फोडला. काही झालं नाही, उलट पाणी मिळालं. त्याची भीड चेपली.

दुसऱ्या दिवशी तो घण घेऊन या खांबाशी आला, तर सून तानी पुढे उभी. बाळंत होऊन पंधरा दिवस झालेले. खांबाला लुगडं गुंडाळून, दोन घट्ट गाठी मारून तिने झोळी केली होती आणि तीत पोर निजवली होती.

“मामंजी, सारं छत ह्येच्यावर हाय. घाव घालायचा तर ह्या गाठी तुमच्या हातानं सोडा. मी न्हाई सोडायची.”

“बाजूला हो. पोरीला पाजायला पानी कुठनं आनू?”

“वरनं धोंडा आला तर पानी पाजायचं कुनाला?”

आवाज ऐकून आतल्या दालनात दगड वेचणारे गडी बाहेर आले. तिचा नवरा निंबाही आला. चारचौघांत सुनेने अडवलं म्हणून हैबतीचं डोकं फिरलं. तो लेकावर ओरडला, “तू काय बगतोस? जा आत, कामाला लाग. तुझ्या बायकूला मी बगतो.” निंबाने एकदा झोळीकडे पाहिलं आणि बापाचा शब्द मानून एकटाच आत गेला.

हैबतीने पहिली गाठ सोडली. दुसरीला हात घातला, तेवढ्यात आतलं दालन खचलं. धूळ बसायला म्हणे दुपार झाली. बाकीचे गडी या खांबापाशी धडधाकट होते, झोळीत पोर रडत होती, आणि निंबाच्या वाटेवर दगडांची भिंत होती.

तीन दिवस हैबतीने हातांनी दगड उपसले. निंबा सापडला नाही. चौथ्या दिवशी त्याने सुटलेली गाठ पुन्हा बांधली आणि सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने क्षमा केली, असं सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. पुढे निम्मं गाव उठून गेलं, उरलं ते हलक्या दगडावर जगलं, पण खांबाला कोणी हात लावला नाही.

आजही तांबखडीत मूल झालं की बाराव्या दिवशी त्याची झोळी इथे बांधतात. आजोबा एक गाठ सोडतात, थांबतात, तीच परत बांधतात. मग त्या खचलेल्या दालनाकडे तोंड करून आपल्या लेकाला हाक मारतात, “बाहीर ये रं, बाळा.” लेक शेजारीच उभा असतो. तरी हाक आतच मारायची.