ठेवणीचा चाकू

ऋजुताला वाटलं होतं, गावात तिला काचेची कपाटं दिसतील. आत मखमलीवर ओळीनं मांडलेले जुने घडीचे चाकू, प्रत्येकाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर घडवणाऱ्या लोहाराचं नाव. ती दूरदेशी जुन्या वस्तू जपण्याचं शास्त्र शिकली होती. तिथल्या मैत्रिणींना ती अभिमानानं सांगायची, "आमच्या गावात चाकू जमवणारी माणसं आहेत. माझे वडील त्यांच्यातलेच होते."

प्रत्यक्षात तिला दिसला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात तेलकट चिंधी, चिंधीत चाकू, आणि त्या चाकूला येणारा कांद्याचा वास.

"भिकाजीकाका, या चाकूनं तुम्ही कांदा चिरता?" तिनं विचारलं.

भिकाजी माळी ओशाळून हसला. शेजारी बसलेल्या यमुनाक्का नारळवाल्या मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "मग काय त्याच्याकडून भजन म्हणवून घ्यायचं?" त्या म्हणाल्या.

नदीकाठच्या त्या गावात पूर्वी लोहारांची चाळीस घरं होती. त्यांनी घडवलेले शिंगाच्या मुठीचे चाकू खिशात बाळगल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे. पुढे लोहार गेले, भट्ट्या विझल्या. उरलेले चाकू सहा-सात माणसांनी हौसेनं जमवले. त्यांची एक रीत होती. प्रत्येकानं आपला सर्वांत लाडका चाकू स्वतःच्या घरी ठेवायचा नाही. तो मित्राकडे ठेवायला द्यायचा. मित्रानं त्याला तेल लावायचं, धार लावायची, तो वापरायचा. खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, सगळ्यांनी जमायचं. ज्याच्याकडे ठेव असेल त्यानं ती मालकासमोर मांडायची. मालकानं चाकू उघडायचा, पेरूची एक फोड कापून खायची, चाकू मिटायचा आणि म्हणायचं, "माझाच आहे. ठेव." की झाली पुढच्या वर्षाची सोय.

अंतूशेट वाण्याचा चाकू भिकाजीकडे होता. भिकाजीचा यमुनाक्कांकडे. ऋजुताचे वडील वारले त्याला सहा वर्षं झाली होती, पण त्यांचाही चाकू भिकाजीकडेच होता. दर खंडेनवमीला भिकाजी तो त्यांच्या रिकाम्या जागेसमोर मांडायचा आणि परत न्यायचा.

ऋजुतानं आल्याबरोबर तो मागितला. भिकाजीनं चाकू पुसला, पिवळ्या फडक्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी तिला दिला. "तुझाच आहे, बाळ," तो म्हणाला. तिनं तो काचेच्या पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं.

तिचं मन स्वच्छ होतं आणि डोक्यात मोठी स्वप्नं होती. हे सारं जगासमोर आलं पाहिजे, असं तिला तळमळीनं वाटत होतं. त्यासाठी आधी यादी हवी. कोणाचा चाकू, कोणी घडवला, अस्सल किती. तिनं सगळ्यांकडून ठेवणीचे चाकू आठ दिवसांसाठी मागितले. सगळ्यांनी दिले. भिकाजी तेवढा घुटमळला.

"अंतूचा एवढा राहू दे की, पोरी," तो म्हणाला. "माझा अक्काकडून ने. हा मात्र राहू दे."

"काका, यादी अर्धी कशी चालेल? खरं काय ते लिहायला नको का?"

भिकाजीनं मान खाली घातली आणि चाकू दिला.

चौथ्या दिवशी ऋजुताच्या हातून एक चूक झाली. भिकाजीच्या स्वतःच्या चाकूवर लोहाराचा शिक्का होता, पण गंजाखाली तो नीट दिसत नव्हता. तिनं काडीनं त्यावर ॲसिडचा थेंब सोडला. क्षणभर ठेवून पुसायचा होता. तेवढ्यात दूरदेशच्या मैत्रिणीचा फोन आला. आपण गावात केवढं काम करतोय ते ऋजुता तिला रंगून सांगत राहिली. फोन ठेवून पाहते तर गंजही गेला होता आणि शिक्काही. त्या जागी पांढरा, खरबरीत खळगा उरला होता. घाईघाईनं पुसताना तिची दोन बोटं पिवळी पडली.

 मग तिनं यादीत लिहिलं, "शिक्का अस्पष्ट."

सहाव्या दिवशी अंतूशेटचा चाकू हाती आला. मूठ जुनी होती, म्हशीच्या काळ्या शिंगाची, हाताच्या घामानं काचेसारखी गुळगुळीत झालेली. पण पातं निराळं होतं. गावच्या लोहारांच्या शिक्क्यातली चंद्रकोर नेहमी मुठीकडे तोंड करून असायची. या पात्यावरची टोकाकडे पाहत होती. पातं नवं होतं. कोणीतरी बदललं होतं, आणि गेली कित्येक वर्षं चाकू ठेवणारा एकच माणूस होता.

ऋजुताला आनंद झाला. तो आनंद शोध लागल्याचा आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. भिकाजीनंही काही लपवलंय हे कळल्यावर तिला आपली चूक लहान वाटू लागली होती. यादीत तिनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "पातं नकली."

आठ दिवस भरले तेव्हा तिनं सगळे चाकू ज्याच्या त्याच्याकडे चिंध्यांत गुंडाळून पोचवले. यमुनाक्कांच्या हातात गुंडाळी देताना ती थांबली नाही. खंडेनवमी उद्यावर आली होती, म्हणून त्यांनीही ती न उघडताच ठेवून दिली.

खंडेनवमीला सगळे अंतूशेटच्या अंगणात जमले. झेंडूची फुलं होती, पाटावर हळदकुंकू होतं, टोपलीत पेरू होते. भिकाजीनं अंतूशेटपुढे चाकू मांडला. अंतूशेटनं तो उघडला. पेरूची फोड कापायला त्यानं इतका वेळ घेतला की यमुनाक्का म्हणाल्या, "शेट, फोड कापताय की वजन करताय? दुकान मागे राहिलं आता." सगळे हसले. अंतूशेटनं फोड तोंडात टाकली आणि चाकू मिटला.

"माझाच आहे," तो म्हणाला. "ठेव."

"थांबा काका," ऋजुता उभी राहिली. "हा तुमचा नाही."

हसणं थांबलं. तिनं चाकू उघडून सगळ्यांना चंद्रकोर दाखवली. दुसऱ्या एका चाकूवरची खरी चंद्रकोर शेजारी धरली. तिचा आवाज स्वच्छ होता, वर्गात बोलावं तसा. "मूठ तुमची आहे, पातं बदललेलं आहे. आणि गेली वीस वर्षं हा चाकू एकाच घरात आहे. मी कोणावर आरोप करत नाही. पण खरं ते सगळ्यांना कळलंच पाहिजे."

सगळ्यांनी भिकाजीकडे पाहिलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मोडलं माझ्या हातनं," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली. पुराचं पाणी गोठ्यात शिरलं होतं. गाईचं दावं कापायला हाच चाकू हाताशी होता. दावं तुटलं, पण पातं दगडात अडकलं न् मोडलं. अंतूला कोणत्या तोंडानं सांगू? मग तीन बाजार हिंडलो. एका म्हाताऱ्या लोहारानं घडवून दिलं. शिक्का उलटा पडला, ते मला घरी आल्यावर दिसलं." तो थांबला. "दर वर्षी सांगीन म्हणतो. दर वर्षी हा म्हणतो माझाच आहे, आणि माझी जीभ उचलत नाही."

अंतूशेट हळूच म्हणाला, "मला माहीत होतं, भिका."

भिकाजीनं वर पाहिलं.

"त्याच वर्षी कळलं. उघडताना माझा चाकू 'टक्' वाजायचा. हा वाजत नाही. लहानपणापासून ऐकलेला आवाज मी विसरेन होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तुझी गाय वाचली होती. त्या वर्षी मी पेरू कापताना तू माझ्या हाताकडे असा बघत होतास, जसा काही मी तुझाच गळा कापतोय. म्हटलं, ह्याला किती वर्षं शिक्षा द्यायची? तूच एक दिवस सांगशील आणि मग दोघं हसू. म्हणून तर दर वर्षी फोड कापायला वेळ लावत होतो. तुला बोलायला सवड मिळावी म्हणून."

ऋजुताच्या हातातला चाकू तिला जड झाला. जे दोन मित्रांनी अकरा वर्षं एकमेकांसाठी सांभाळलं होतं, ते तिनं चारचौघांसमोर चंद्रकोरीसारखं उलटसुलट करून दाखवलं होतं.

भिकाजी म्हणाला, "तुझं मन मोठं, अंतू. पण आता सगळ्यांना कळलंय. माझ्याकडे ठेव ठेवू नकोस. दुसरं कोणी बघ." अंतूशेट काही बोलणार, तोच तो घाईनं म्हणाला, "अक्का, माझा मांडा. मला जायचंय."

यमुनाक्कांनी त्याचा चाकू पुढे ठेवला. भिकाजीनं तो उघडला. पात्यावर जिथे शिक्का होता तिथे त्याचा अंगठा थांबला.

यमुनाक्का वाकून बघतात तर काय! त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई! शिक्का कुठं गेला? माझ्याकडे असताना होता हो! देवाशपथ होता!" त्या एकेकाकडे पाहू लागल्या. नेहमी दुसऱ्याची फिरकी घेणारी ती बाई भर सभेत चोर ठरल्यासारखी बोलत होती. "मी चिंचेनंसुद्धा घासला नाही कधी! पोरगी तर नुसती यादीसाठी घेऊन गेली होती! कोणी तरी खरं सांगा, पाहिलाय ना तुम्ही शिक्का?"

आता बोलायला हवं होतं. ऋजुताला ते कळत होतं. एकच वाक्य होतं, आणि काही वेळापूर्वी याच अंगणात तिचा आवाज किती मोकळा होता! ती उभीच राहिली.  तिनं फक्त आपला उजवा हात ओढणीखाली घेतला.

भिकाजीनं ते पाहिलं. ओढणीखाली जाणारी दोन पिवळी बोटं त्यानं पाहिली. त्याच्या डोळ्यांत राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो आला नाही.

"अक्का, जीव नका टाकू," तो म्हणाला. "माझ्याच हातनं झालंय ते. मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा, तुमच्या नकळत. तुम्हाला सांगायचं राहिलं." त्यानं पेरूची फोड कापली, तोंडात घातली, चाकू मिटला. "माझाच आहे. ठेवा."

टोपी डोक्यावर घालून तो निघून गेला. त्या वर्षी ऋजुताच्या वडिलांच्या रिकाम्या जागेसमोर कोणी काही मांडलं नाही.

ऋजुता घरी आली. तिनं साबणानं बोटं धुतली, लिंबानं घासली. डाग गेला नाही. ज्या माणसाला तिनं खोटा ठरवलं, त्यानं तिच्यासाठी तिच्यासमोर खोटं बोलून तिची चूक आपल्या डोक्यावर घेतली होती. त्यानं अकरा वर्षं मान खाली घालून काढली. तिनं तर दोन दिवसांत स्वतःला माफ करून टाकलं होतं. 

तिन्हीसांजेला तिनं काचेची पेटी उघडली. वडिलांचा चाकू बाहेर काढला आणि नखानं पातं उघडू लागली. पातं हलेना. भिकाजीकडे सहा वर्षं तो रोज उघडत होता, कांदा चिरत होता, तेल खात होता. तिच्याकडे तो नुसता छान दिसत होता. दोन महिन्यांत त्याच्या सांध्यात गंज धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं यादी उघडली. भिकाजीच्या चाकूसमोरचे "शिक्का अस्पष्ट" हे शब्द खोडले आणि लिहिलं, "शिक्का ऋजुतानं घालवला, आणि विचारल्यावर ती गप्प बसली." अंतूशेटच्या चाकूसमोरचं "पातं नकली" खोडलं आणि तिथे मालकाचे शब्द लिहिले, "माझाच आहे."

मग तिनं ठरवलं. आधी यमुनाक्कांच्या दुकानावर जायचं. बाजाराची वेळ आहे, गर्दी असेल. असू दे. काल ज्या आवाजात दुसऱ्याची चूक सांगितली, त्याच आवाजात आज आपली सांगायची. तिथून भिकाजीकाकांकडे. क्षमा मागायची, पण ते हो म्हणेपर्यंत उंबरठ्यावर अडून बसायचं नाही. वडिलांचा चाकू पुढे ठेवायचा आणि एवढंच विचारायचं, "काका, माझी ठेव ठेवाल का?" ते नाही म्हणाले तरी त्यांचं चुकणार नव्हतं.

तिनं चाकू पुन्हा त्याच पिवळ्या फडक्यात गुंडाळला. ओढणी घेतली, पण हात मोकळे ठेवले. आणि दोन पिवळी बोटं सगळ्यांना दिसतील अशी ती बाजाराच्या वाटेला लागली.

तात्पर्य: मित्राची चूक ठाऊक असून जो त्याला सावरायला अवधी देतो, त्याच्याकडेच मैत्री सुरक्षित असते; आणि दुसऱ्याचं खरं चारचौघांत सांगायचा हक्क त्यालाच आहे, ज्यानं आपलं खरं आधी सांगितलं आहे.