पंपघराची पाटी

पोहण्याच्या तलावाचा पंप तापून दुसऱ्यांदा जळाला, तेव्हा क्लबचे अध्यक्ष भाऊसाहेब जगदाळे मेकॅनिक येसाजी पांचाळवर कडाडले, "नवा बसव आणि हमी लिहून दे. नाहीतर नोकरी सोड!"

येसाजीला कारण ठाऊक होतं. पंपघराची एकुलती एक खिडकी बुजवून तिथे उद्घाटनाची संगमरवरी पाटी लावली होती, भाऊसाहेबांच्या नावाची. ती काढा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

त्याने नवा पंप जोडून सुरू केला आणि हात जोडले. "साहेब, हा इथे रोज आठ तास कोंडलेला असतो. तुम्ही दार लावून अर्धा तास आत बसा, मी जन्मभराची हमी लिहून देतो."

भाऊसाहेब ताठ मानेने आत गेले. दहाच मिनिटांत घामाने निथळत बाहेर आले. आपल्या नावाकडे त्यांनी क्षणभर पाहिलं.

"येसाजी," ते हळूच म्हणाले, "छिन्नी आण."