कळलावीची गाठ

“लांगली, अग्निशिखा, कळलावी... बुवा, फूल एकच ना?”

“एकच.”

“मग माझं काम फत्ते!” मोरेश्वराने वहीवर थाप मारली.

तीन वर्षं तो गावोगावच्या पोथ्या चाळत होता. जिथं या फुलाचं नाव दिसेल, ती ओळ उतरवून घ्यायची. एकोणचाळीस उल्लेख जमले होते. आता स्वारीचे पाय जमिनीवर कशाला राहतात!

कमळगिरी बुवा घाटाखालच्या मठात औषध देत. आश्विन लागला होता. कुंपणावर कळलावी लाल-पिवळी फुलली होती. तिचा ताजा उकरलेला वाकडा कंद दोघांच्या मध्ये पडला होता.

मोरेश्वराला तो हवा होता. धाकट्या बहिणीचे, गोदाचे, दिवस कधीच भरले होते, पण कळा काही येत नव्हत्या. घरचे हवालदिल झाले होते.

“कंद द्या, बुवा. गोदाला बांधून येतो.”

“कळ लावून मोकळा होणार?”

“सगळं लिहिलंय माझ्याकडे.”

बुवांनी सुतळी घेतली. कंद मोरेश्वराच्याच मनगटाला करकचून बांधला आणि वर सहज न सुटणारी निरगाठ मारली.

“वाच.”

तो ऐटीत वाचू लागला. दहा उल्लेख झाले... वीस झाले... बोटं काळीनिळी पडली.

“अहो बुवा, सोडा ना! हात गेला माझा!”

“सोडायचं कुठं लिहिलंय?”

मोरेश्वराने पानं उलटली. पुन्हा उलटली. बांधायचं जागोजागी होतं. सोडायचं एकाही ठिकाणी नव्हतं.

“पोथ्यांतच नसेल...”

बुवांनी कोनाड्यातली पोथी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने उतरवलेली ओळ तिथं होती. तिच्या खाली आणखी एक होती. मूल बाहेर येताच सोडावा, क्षणभरही ठेवू नये, नाहीतर आई जाते.

मोरेश्वराचा चेहरा पांढराफटक पडला.

“ही ओळ मी पाहिली होती, बुवा. पण हिच्यात फुलाचं नाव नव्हतं...”

“गोदाचं होतं.”

मोरेश्वराला रडू फुटलं. बुवांनी विळ्याने सुतळी कापली आणि कंद त्याच्या ओंजळीत ठेवला.

तो धडपडत उठला. वही तिथंच राहिली. तो उंबऱ्यापर्यंत पोचला, तेव्हा मागून हाक आली.

“मोरोबा... सुरगाठ मार.”