महाराजांचे पित्ताशय आणि मुरंब्याच्या दोन बरण्या

"पोट फाडून काढा, नाहीतर भोके पाडून दुर्बिणीने काढा, माझे पित्ताशय जाणार ते जाणारच!" चंडसेन महाराज कळवळून ओरडले. "पण कोणत्या रीतीने देहाला अधिक धसका बसतो, ते उद्या सूर्यास्तापूर्वी मला अनुभवास आणून द्या. व्याख्यान नको, आणि कोणाच्या अंगाला सुरी लागता कामा नये! नाहीतर, राजवैद्य, आपण हद्दपार!"

त्र्यंबकशास्त्री घरी येऊन डोके धरून बसले. त्यांची मोलकरीण बयजा धास्तावली. शास्त्रीबुवा गेले, तर रोज एखादे भांडे फोडणाऱ्या तिच्यासारख्या अगडबंब बाईला दुसरे कोण ठेवणार?

"नीटनेटके काम मला जन्मात जमले नाही," ती म्हणाली, "पण गोंधळ फार सुरेख जमतो. बुवा, हे काम माझेच!"

तिने राणीसाहेबांना गाठून परवानगी मिळवली.

दुसऱ्या दिवशी महाराज वामकुक्षी घेत असता, बयजाने शेजारच्या कोठीच्या झरोक्यातून आकडी घालून मुरंब्याची एक बरणी अलगद ओढून काढली. एक कुत्रे भुंकले, पहारेकरी "कोण आहे रे?" म्हणाला आणि पुन्हा पेंगला. महाराज घोरतच राहिले.

मग तिने गवंड्यांकडून कोठीची भिंतच पाडवली. धडाम्! शिंगे फुंकली गेली, वेशी मिटल्या, हत्ती चीत्कारले, फौजेच्या शिध्यासाठी धान्याची कोठारे उघडली. शत्रू सापडेना, तेव्हा शिपायांनी आपल्याच माळ्याला बडवले! बयजा दुसरी बरणी घेऊन केव्हाच निघाली होती, तरी हलकल्लोळ सरेना.

महाराज पलंगाखालून बाहेर आले. "हा काय आचरटपणा?"

बयजा दोन्ही बरण्या घेऊन शास्त्रीबुवांसह हजर झाली. "आपण मागितलेला अनुभव, महाराज! वाडा म्हणजे देह, बरणी म्हणजे पित्ताशय. आधी झरोक्यातून, मग भिंत पाडून; दोन्ही खेपेला गेली एकेक बरणीच!"

"मग झरोक्याने काहीच झाले नाही म्हणतेस?"

"कुत्रे भुंकले की! चोर कितीही सभ्य असो, देह काही त्याला पाट मांडत नाही. पण कुत्रे लगेच गप्प झाले. माळीबुवा मात्र अजून कण्हताहेत!"

महाराज ओशाळून कुजबुजले, "मी पलंगाखाली होतो, हे कोणी पाहिले नाही ना?"

"पाहणार कोण, महाराज? सारे प्रधान आपापल्या पलंगाखाली होते!"

महाराज पोट धरून खदखदा हसले. "शास्त्रीबुवा, दुर्बीण आणा! माळ्याला शालजोडी द्या. आणि बयजाला सोन्याच्या पाटल्या; तिच्या मनगटाला होतील एवढ्या रुंद!"