खेकडीचं पाणी आणि आभाळाची गोधडी

एक होती खेकडी. बोराएवढी. तिच्या पोटाखाली तिची पिल्लं. ती तर मोहरीएवढी!

डोंगराच्या पायथ्याशी होता एक झरा. झऱ्याकाठी खेकडीचं बीळ. बिळात ओंजळभर पाणी. पिल्लं त्यात खेळायची. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

एक दिवस काय झालं, बिळातलं पाणी आटलं. डुबुक नाही की काही नाही. नुसती माती.

"आई, पाणी!" पिल्लं म्हणाली.

"आणते हं," खेकडी म्हणाली. "मला घट्ट धरून बसा."

आणि निघाली. तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. आता खेकडीला सरळ कुठे चालता येतं? पुढे जायचं असलं तरी ती आपली बाजूनंच जाते.

झऱ्यापाशी आली. झरा दगडाखाली गुपचूप पडला होता.

"झरेदादा, झरेदादा, पाणी दे ना!
पिल्लं माझी तहानली!"

"कुठून देऊ?" झरा म्हणाला. "माझाच घसा कोरडा. ढग बरसला तर देईन. ढगाला सांग."

तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. खेकडी उंच खडकावर चढली. लांब तिकडे ढग लोळत पडला होता.

"ढगोबा, ढगोबा, बरस ना!
झरा पाणी देईना.
पिल्लं माझी तहानली!"

"तुझा झरा तिकडे, मी इकडे," ढग म्हणाला. "येऊ कसा? मला काय पाय आहेत?"

"मला आठ आहेत," खेकडी म्हणाली.

"मग तू चाल! मला वाऱ्यानं ढकललं तर येईन. वाऱ्याला सांग."

तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. खेकडी खिंडीत आली. खिंडीत वारा बसला होता. हुश्श हुश्श करत होता.

"वारेभाऊ, वारेभाऊ, ऊठ ना!
ढग बरसेना.
झरा पाणी देईना.
पिल्लं माझी तहानली!"

"उठू कसा? हुश्श!" वारा म्हणाला. "केवढं उकडतंय! आभाळानं जाड गोधडी घेतलीय अंगावर. आणि घाम फुटतो आम्हाला! आभाळानं गोधडी काढली तर उठेन. आभाळाला सांग."

तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. खेकडी डोंगराच्या टोकावर आली. आभाळ केवढं मोठं! खेकडी केवढीशी! पण तिनं नांगी वर केली, आणि हाक मारली.

"आभाळआजोबा, आभाळआजोबा, गोधडी काढा ना!
वारा उठेना.
ढग बरसेना.
झरा पाणी देईना.
पिल्लं माझी तहानली!"

"काढू कशी, पोरी?" आभाळ म्हणालं. "ही गोधडी आहे धुराची. दिवसभर उन्हाची ऊब आत येते. मग तिला जायचं असतं बाहेर. पण गोधडी जाऊच देत नाही! धूर रोज वर येतो. रोज नवा टाका घालतो. टाक्यावर टाका, टाक्यावर टाका! धूर थांबला तर गोधडी सैल होईल. धुराला सांग."

तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. खेकडी थोडी खाली उतरली. तिथे धूर वर चढत होता. काळा काळा. भसाभसा.

"धूरमामा, धूरमामा, थांब ना!
आभाळ गोधडी काढेना.
वारा उठेना.
ढग बरसेना.
झरा पाणी देईना.
पिल्लं माझी तहानली!"

"मी एकटा आहे होय?" धूर म्हणाला. "माझा एक भाऊ मोटारीच्या मागून निघतो. एक भाऊ वीटभट्टीतून निघतो. एक भाऊ कारखान्याच्या धुराड्यातून निघतो. सगळे वरच जातो. मी आपला या डोंगरावरचा. मला पाठवते आग. आग विझली तर थांबेन. आगीला सांग."

तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. डोंगरावर आग गवत खात होती. तडतड, तडतड! खेकडी जवळ गेली नाही हं. लांबूनच ओरडली.

"आगबाई, आगबाई, विझ ना!
धूर थांबेना.
आभाळ गोधडी काढेना.
वारा उठेना.
ढग बरसेना.
झरा पाणी देईना.
पिल्लं माझी तहानली!"

"वा ग वा!" आग म्हणाली. "मी पाहुणी आहे. कोंडीबानं मला बोलावलं. अख्खा डोंगर वाढला! भरल्या ताटावरून उठू होय? कोंडीबानं उठवलं तर उठेन. कोंडीबाला सांग."

तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. कोंडीबा म्हणजे म्हशीवाला. हातात काडेपेटी घेऊन दगडावर बसला होता. मजेत डोंगर बघत होता.

"कोंडीबाकाका, कोंडीबाकाका, आग विझवा ना!
आग विझेना.
धूर थांबेना.
आभाळ गोधडी काढेना.
वारा उठेना.
ढग बरसेना.
झरा पाणी देईना.
पिल्लं माझी तहानली!"

"अरेच्चा! खेकडी बोलते!" कोंडीबा म्हणाला. "अग, डोंगर जाळला की नवं गवत जोरात येतं. माझ्या बापानं जाळला. माझ्या आजानं जाळला. आणि मी काय माझ्यासाठी जाळतो? मी खातो होय गवत? माझ्या म्हशीसाठी जाळतो! म्हैस नको म्हणाली तर विझवीन. म्हशीला सांग."

तिरकी तिरकी, खुडुक खुडुक. आता खेकडी दमली होती. पिल्लं तर काही बोलतच नव्हती. म्हैस झाडाखाली बसली होती. रवंथ करत होती. कचर कचर, कचर कचर.

"म्हशीताई, म्हशीताई, नको म्हण ना!
कोंडीबा ऐकेना.
आग विझेना.
धूर थांबेना.
आभाळ गोधडी काढेना.
वारा उठेना.
ढग बरसेना.
झरा पाणी देईना.
पिल्लं माझी तहानली!"

म्हैस रवंथ करायची थांबली.

"काय? माझ्यासाठी जाळतो?" म्हैस म्हणाली. "मला कुणी विचारलं? माझ्या नाकात राख. माझ्या कानात राख. मला वाळलं गवतच आवडतं. छान कुरकुरीत लागतं. आणि तुझी पिल्लं तहानली म्हणतेस? चल बाई. मलाही रेडकू आहे!"

म्हैस उठली. धप धप, धप धप. कोंडीबासमोर जाऊन उभी राहिली.

"ऑंऽऽ! नको! नको! नको!"

"अग, नको कसं?" कोंडीबा म्हणाला. "तुझ्यासाठीच तर..."

"मला विचारलंस?"

कोंडीबानं डोकं खाजवलं. "नाही बुवा."

"तुझ्या बापानं विचारलं? तुझ्या आजानं विचारलं?"

"नाही बुवा. म्हशीला विचारायचं कुणाला सुचलंच नाही!"

मग काय! कोंडीबानं हिरवा डहाळा तोडला. धावला. आगीवर मारला. सपासप, सपासप!

"झालं वाटतं जेवण," आग म्हणाली. आणि विझली.

आग विझली, तसा धूर थांबला.

धूर थांबला, तसा गोधडीचा टाका उसवला. एकच हं! मोटारीचे टाके होतेच. भट्टीचे होतेच. धुराड्याचे होतेच. पण तेवढ्याशा भोकातून थोडी ऊब बाहेर पळाली.

"हाऽऽ! बरं वाटलं!" आभाळ म्हणालं.

वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ! त्यानं ढगाला ढकललं.

"अरे, हळू! पडेन ना!" ढग म्हणाला. आणि पडलाच. टप टप, टप टप, टप टप!

झऱ्याचा घसा ओला झाला. झुळझुळ, झुळझुळ. "घे ग खेकडे, घे तुझं पाणी!"

खेकडी घरी आली. कशी आली? तिरकी तिरकी, खुडुक खुडुक! बीळ काठोकाठ भरलं होतं. पिल्लांनी पोटाखालून उड्या मारल्या. डुबुक! डुबुक! डुबुक! गटागटा पाणी प्यायली.

आणि तिकडे डोंगरावर कोंडीबा विळा घेऊन उरलेलं गवत कापायला बसला. पण आधी मागे वळून म्हणाला, "म्हशीबाई, कापू का?"

"काप," म्हैस म्हणाली.

पाणी आलं बिळात, पिल्लं गेली पाण्यात, गवत गेलं गोठ्यात, आणि गोष्ट गेली तुमच्या पोटात!