भागोजीनं निरोप आवरले

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. भोळा म्हणजे किती? सांगाल तेवढंच आणि सांगाल तसंच करणार! नाव भागोजी. गावच्या दूध डेअरीत कामाला.

डेअरीत दूध थंड ठेवायची मोठी टाकी होती. ती संगणकावर चाले. संगणकाचा जो गाभा असतो ना, त्याला कर्नेल म्हणतात. टाकीत जरा काही बिघडलं की हा कर्नेल पडद्यावर निरोप लिहायचा. टाकी तापली तर अख्ख्या गावाचं दूध नासणार, म्हणून व्यवस्थापक कुमुदताईंचा जीव त्या निरोपांत अडकलेला.

एकदा टाकीचं झाकण सैल झालं. झालं! कर्नेल लागला कोकलायला. 'झाकण सैल! झाकण सैल! झाकण सैल!' निरोपांनी संगणक तुडुंब भरला आणि धापा टाकायला लागला.

"भागोजी, आवर रे त्याला," ताई म्हणाल्या. "एक गोष्ट एकदाच सांगायची. मग गप्प बसायचं."

"बरं ताई." भागोजीनं कर्नेलला गप्प केलं.

त्याच संध्याकाळी तोटीतून दूध गळायला लागलं. भागोजी पहारेकऱ्याला म्हणाला, "गणूकाका, दूध सांडतंय." काका घोरत होते. भागोजी गप्प बसला. दूध रस्त्यावर आलं. कुत्र्यांची चंगळ झाली.

"अरे गाढवा!" ताई कडाडल्या. "ऐकू जाईपर्यंत ओरडायचं!"

"बरं ताई."

दुसऱ्या दिवशी डेअरीचे अध्यक्ष आबासाहेब माईकवर भाषण ठोकत होते. बोलता बोलता त्यांच्या धोतराचा कासोटा सुटला. भागोजी मागून ओरडला, "आबासाहेब, कासोटा!" आबासाहेब भाषणात दंग. "आबासाहेब, कासोटा!" पोरं फिदीफिदी हसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग भागोजीनं दुसरा माईक घेतला. "आबासाहेब, कासोटाऽऽ!" शेजारच्या गावानंही ऐकलं.

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे देवा! असले निरोप साठवून ठेवायचे रे. कार्यक्रम संपला की हळूच कानात, एकच ओळ सांगायची."

"बरं ताई." भागोजीनं कर्नेललाही तेच शिकवलं.

मग आली वार्षिक सभा. ऐन उन्हाळा. टाकी काठोकाठ भरलेली. आबासाहेब बोलायला उभे राहिले ते काही केल्या खाली बसेनात. भागोजी संगणकाच्या पडद्यासमोर गप्प. पडदाही गप्प.

"शहाणा झाला बाई पोरगा!" ताई मनातल्या मनात म्हणाल्या.

टाळ्या वाजल्या, चहा झाला, सभा उठली. भागोजीनं बटण दाबलं, उमटलेली ओळ नीट वाचली आणि ताईंच्या कानाशी लागला.

"ताई, टाकी तापली. हाच निरोप आणखी नऊशे वेळा आला."

"मेल्या! आणि दूध? दुधाचं काय झालं?"

"दुधाचा निरोप वेगळा आहे, ताई," भागोजी कुजबुजला. "तो पुढच्या सभेनंतर."