शेजारची सायकल

एकदा एक सायकलवेडा पोरगा होता, ओजस नावाचा. कॅन्सरच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करायला पुणे ते नागपूर सायकल राइड निघाली, तेव्हा सगळ्यात आधी नाव दिलं ते ह्यानेच. कारण त्याची ताई. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं, आणि आता तिलाच कॅन्सर. डॉक्टरांनी औषधं थांबवून तिला घरी पाठवलेलं. ओजसच्या जर्सीवर पाठीला हे एवढ्या मोठ्या अक्षरात: 'वैजयंतीसाठी'.

सोबत होते त्याचे सर. शाळेत पीटी शिकवायचे. सत्तरी ओलांडली तरी घाट चढताना पोरांना घाम फोडणारे! त्यांची एक पक्की शिकवण होती. समोरून वारा आला की एकाने पुढे राहून वारा फोडायचा, दुसऱ्याने त्याच्या चाकामागे आडोसा घ्यायचा. दमलं की जागा बदलायची. शेजारी-शेजारी चालवायचं नाही, त्यात दोघंही उगाच दमतात.

वाटेत चहाला थांबले आणि ताईचा फोन आला. आवाज अगदी बारीक झालेला.

"ओज्या, कधी येतोस रे?"

"ताई, अगं आत्ताशी निम्मं झालंय! तुझ्यासाठीच तर चाललंय ना हे सगळं."

"हो रे, माहितेय मला. गुडघ्यांना तेल लाव रात्री."

त्याने फोन ठेवला आणि घाईघाईने हेल्मेट चढवलं.

"घरी जायचंय का?" सरांनी विचारलं.

"जाऊन काय करू, सर? नुसतं बसून बघायचं? तिथे काही म्हणजे काही करता येत नाही हो. इथे निदान उपयोग तरी होतोय."

सरांनी चहाचे पैसे दिले आणि सायकलवर टांग टाकली.

पुढे उघडं पठार लागलं. वारा असा, की पायडल मारतोय तरी सायकल जागच्या जागी! ओजस पुढे राहून दामटत होता. शेवटी त्याच्या पायात गोळे आले. टाकून द्यावी सायकल, असं झालं. त्याने हाताने खूण केली, सर, या पुढे. सर आले, आणि बरोबर त्याच्या शेजारी येऊन तिथेच चालवत राहिले.

"सर, पुढे व्हा ना!"

"नाही."

"मग मागे तरी जा!"

"नाही."

"अहो, तुम्हीच शिकवलंत ना? असं चालवून ना तुम्हाला आडोसा, ना मला. येडेपणा आहे हा!"

"आहे," सर धापा टाकत म्हणाले.

पठार संपेपर्यंत ते तसेच चालवत राहिले. मग एका बाभळीखाली दोघं टेकले. ओजस नुसता धुमसत होता.

"वारा कमी लागला का तुला?" सरांनी विचारलं.

"छे! जरासुद्धा नाही."

"मग सायकल का नाही टाकलीस?"

"तुम्ही होतात ना बाजूला," ओजस बोलून गेला.

सर हळूच म्हणाले, "बाळा, काही वारे असे असतात, की तिथे दुसऱ्याला पुढे होताच येत नाही. वैजयंतीचा वारा तिलाच अंगावर घ्यायचाय. तो तुला फोडता येईना, म्हणून तू हा शोधून काढलास. हेही काम खरंच आहे, ह्यातून उद्या कुणाची तरी ताई वाचेल. पण तुझ्या ताईने तुला वारा फोडायला बोलावलेलं नाही रे. कधी येतोस, एवढंच विचारलंय."

ओजस हेल्मेटमध्ये तोंड खुपसून हमसाहमशी रडला. मग त्याने आपली सायकल राइडसोबत चालणाऱ्या टेम्पोत चढवली आणि पुण्याची एसटी पकडली.

"पूर्ण केलीस राइड?" त्याला दारात बघून ताईने विचारलं.

"नाही गं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पाय जरा सरकवून तिने पलंगावर त्याच्यासाठी जागा केली.

पुढचे दिवस थोडेच निघाले. पण त्यातल्या एकाही दिवशी, आपण इथे बसून काय करतोय, असं ओजसच्या मनात आलं नाही.